न मरणारा जेलीफिश आणि अम्मीची गादी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मागच्या कपाटात, एका बरणीत जेलीफिश होता. मी नोकरीला लागण्याआधीपासूनचा. फॉर्मॅलिनमध्ये बसून बसून त्याचा रंग उडाला होता, कडा झिजल्या होत्या आणि बरणीच्या तळाशी त्याचाच चुरा साठला होता. अकरावीची मुलं त्याला साबुदाण्याची शिळी खीर म्हणायची. मी रागवायचे, पण मनातून मलाही तो तसाच दिसायचा. चंद्रपुरात बसून समुद्र शिकवायचा म्हणजे दुसरं काय होणार? मुलांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही पाहिला नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका विज्ञान मासिकात वाचलं की एक जेलीफिश असा आहे, करंगळीच्या नखाहूनही लहान, जो म्हातारा होऊन मरत नाही. उपासमार झाली, जखम झाली, पाणी बिघडलं, की तो आपल्या सोंडा आत घेतो, आकसून गोळा होतो आणि तळाशी जाऊन चिकटतो. तिथे तो पुन्हा आपल्या बाळपणाच्या रूपात येतो. ते रूप म्हणजे मुळीसारखी एक फांदी. त्या फांदीला कळ्या येतात, कळ्यांतून नवे जेलीफिश सुटून पोहायला लागतात. पुन्हा मोठं व्हायचं, पुन्हा वेळ आली की लहान व्हायचं. वाचून मला इतकं काही झालं की दुसऱ्या दिवशी हजेरीसुद्धा न घेता मी वर्गात तेच सांगायला सुरुवात केली.

आरमोरीकडची काही मुलं वर्गात होती, त्यांच्या घरी कोसा रेशमाचं काम चाले. म्हणून मी म्हटलं, कोसा फोडून पाखरू बाहेर आलं, आणि संकट आलं म्हणून ते परत अळी झालं तर? मुलं हसली. मागच्या बाकावरचा एक उठला आणि म्हणाला, मॅडम, मंग आतापर्यंत समुद्र त्याइनंच भरून गेला पाह्यजे होता. प्रश्न चांगला होता. मी खुश होऊन सांगितलं की त्याला मासे खातात, कासवं खातात, रोग होतात. म्हातारपण टळतं, दुसऱ्याचं तोंड टळत नाही. एवढं सांगून होतंय तोच पहिल्या बाकावरच्या मुलीनं वही मिटत विचारलं, हे परीक्षेत येते का? नाही म्हटल्यावर वर्गातल्या सगळ्या वह्या मिटल्या. मला त्या दिवशी खडू फेकून मारावासा वाटला. मारला नाही, पण घरी येऊन नवऱ्यावर उगाच चिडले.

नवरा वीज केंद्रात नोकरीला. आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माहेर वरोऱ्याचं. तिथे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रुई पिंजण्याचं आणि गाद्या भरण्याचं काम. अब्बांच्या तरुणपणी ते खांद्यावर पिंजायची कमान टाकून गल्लोगल्ली फिरत. कमानीच्या ताणलेल्या तातेवर लाकडी मुठीचा ठोका पडला की होणारा आवाज ऐकून बायका घरातल्या गाद्या अंगणात काढायच्या. पुढे विजेवरचं मशीन आलं आणि कमान भिंतीला टांगली गेली, पण अब्बांची भाषा तीच राहिली. दगडासारख्या झालेल्या जुन्या गादीची खोळ उसवून ते काळपट गाठी पसरायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, रुई बुढी होत नाई बाई, माणसं होतात. संध्याकाळपर्यंत त्याच गाठींचा पांढरा ढीग होई. शेजारपाजारची लेकरं त्यात उडी मारायला टपून असायची.

धंद्यातली एक गोष्ट ते बाहेर बोलत नसत. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्याची गादी घरात ठेवत नाहीत. देऊन टाकतात. कुणाला द्यायची? आम्हालाच. अब्बा ती उसवून पिंजून टाकत आणि ती रुई दुसऱ्या रुईत मिसळून जाई. वरोऱ्यातली किती नवी जोडपी कुणाच्या आजोबांच्या रुईवर झोपली असतील याचा हिशेब वरच्यालाच ठाऊक. लहानपणी मला याची भीती वाटायची, नंतर गंमत वाटायला लागली. जीवशास्त्र शिकल्यावर तर यात काही विशेषच वाटेना. निसर्गात सगळं तसंच चालतं, असं मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची आणि ते मान डोलवायचे.

पण सगळ्या गावाला नव्या गाद्या देणाऱ्या या माणसाची स्वतःची गादी म्हणजे लाकडाची फळी होती. ती अम्मीची आणि त्यांची. लग्नाआधी त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेली, मोठ्या पलंगाच्या मापाची. अम्मी गेली तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्यानंतर त्या गादीला कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा झाला. वर्ष, दोन वर्षांनी लोक गादी पिंजून घेतात. ही एका तपाहून जास्त तशीच राहिली. खोळ विटली, टाके तुटले, भोकांतून धूळ उडायला लागली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. ते हसून विडी शोधायला लागत.

मग त्यांचा दम सुरू झाला. आधी जिना चढताना, नंतर नुसतं बोलताना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि काय काम करता म्हणून विचारलं. काम कळल्यावर त्यांनी फोटो खाली ठेवला. आयुष्यभर रुईची धूळ आत गेली होती, विडीनं बाकीचं केलं होतं. छाती नवी करून मिळणार नव्हती, पण आहे ती टिकवायची असेल तर मशीन बंद, विडी बंद, आणि झोपायला धूळ नसलेली स्वच्छ गादी. अब्बांनी मशीन बंद केलं. विडी जवळजवळ बंद केली. गादीचं नाव काढलं की मात्र ते खोकायला लागायचे, आणि त्यातला किती खोकला खरा हे मला आजही सांगता येणार नाही.

माझा मोठा भाऊ घुग्घुसला खाणीत शिफ्टमध्ये. मोटारसायकलवर यायचा, डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच, चहा प्यायचा आणि म्हणायचा, तू शिकलेली हायेस, तूच समजाव. कधी चिडला की म्हणायचा, रॉकेल टाकून पेटवून देऊ गादी, मंग काय करतीन? पेटवायला मात्र तोही कधी पुढे आला नाही. वरोऱ्याला गेले की माझं भांडण, परत आले की भावाचा फोन, आणि मधे अब्बांची छाती शिट्टीसारखी वाजत राहायची. रागानं माझं डोकं फिरायचं. माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि रोज जाऊन त्याच धुळीत तोंड खुपसून झोपतोय, आणि आपण नुसतं बघायचं.

शेवटी एका हिवाळ्यात मी त्यांना ऊर्जानगरला आणलं. दवाखाना जवळ, घरात माणसं, वेळेवर औषध. ते यायला तयार झाले, एका अटीवर. मेटॅडोरमधून ते पुढे बसून आले आणि मागे दोरीनं बांधलेली गादी आली. ती दारातून आत घेताना उडालेल्या धुळीनं आम्ही सगळे शिंकलो. नवऱ्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या. ते मला बोलण्याहून जास्त लागलं.

मी उपाय करून पाहिले. गादीला रेक्झिनची खोळ शिवून घेतली, म्हणजे धूळ आतल्या आत राहील. दोन दिवसांत खोळ बाजूला काढून नीट घडी करून ठेवलेली दिसली. अंगाखाली घाम येतो आणि करकर आवाज होतो म्हणे. शेजारच्या बाईंनी सुचवलं म्हणून नवी फोमची गादी आणली. तिच्यावर नातवंडं झोपली, अब्बा आपल्या फळीवर. जेवणही कमी झालं. मी ताट पुढे केलं की म्हणायचे, तुझं ते समुद्रातलं पाखरू उपाशी राह्यलं तं लेकरू होते ना? मी बी पाहून राह्यलो. जेलीफिशची गोष्ट मीच त्यांना कौतुकानं सांगितली होती. आपणच दिलेल्या काठीनं आपल्यालाच मार बसत होता.

त्यांना ती गोष्ट आवडली होती हे खरं. ज्या गोष्टीसाठी माझ्या वर्गानं वह्या मिटल्या, ती त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. गोळा होतो म्हणजे कसा? सोंडा कुठे जातात? त्याच त्या परत फुटतात की दुसऱ्या? एका रविवारी दुपारी ते असंच विचारत बसले होते, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. घरात आम्ही हिंदी बोलायचो, पण भांडायचं झालं की अब्बा मराठीवर यायचे, कारण गिऱ्हाइकांशी उभा जन्म त्यांनी मराठीतच वाद घातला होता. म्हणून मी आधीच मराठीत सुरुवात केली. म्हटलं, अब्बा, तो प्राणी मरत नाही, नुसतं रूप बदलतो. तुमच्या रुईचं तेच आहे, तुम्हीच सगळ्या गावाला सांगत आलात. अम्मीची गादी फेका असं कोण म्हणतं? पिंजून घेऊ. तीच रुई, तोच पलंग. धूळ तेवढी जाईल. रुई राहील.

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी विचारलं, "तो लहान झाला का त्याले मांगचं याद राह्यते?"

मी खरं ते सांगितलं. बहुतेक नाही. त्याचं सगळं शरीरच विरघळून पुन्हा घडतं.

"मंग तो मेलाच ना. त्याच्या जागी दुसराच कोणी आला."

मी म्हटलं, पेशी त्याच असतात. म्हणजे ज्याचं शरीर बनलंय ते सामान तेच असतं.

"रुई बी तेच असते," ते म्हणाले. "लोकं गाद्या आणत, त्यावरून हात फिरवला का मले समजे, माणूस कुठी झोपे, कोन्या कुशीवर झोपे. दोन हात मारले का खड्डा गायब. आपला धंदाच तो हाय बेटा, रुईतून माणूस काढून टाकाचा. लोकाइचे काढले. तुझ्या अम्मीले मी नाई काढत."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आला तो राग. वाटलं, किती हुशारीनं हा माणूस आपल्या हट्टाला कापड शिवतो. मी आवाज चढवून म्हटलं की खड्ड्यासाठी जीव द्यायचा आहे का, अम्मीला हे चाललं असतं का, आणि तुम्ही गेल्यावर त्या खड्ड्याचं आम्ही काय करायचं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही पाहा. आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले.

मी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वरिष्ठ सरांना गाठलं. जेलीफिशला काही आठवत असेल का, म्हणून विचारलं. सर हसले. म्हणाले, अहो बाई, त्याला मेंदूच नसतो, नुसतं चेतातंतूंचं जाळं असतं, आठवणार कशानं? हा मुद्दा घेऊन मी वीज केंद्राच्या बसमधून घाईनं घरी आले. चप्पल काढता काढताच अब्बांना सांगितलं की तुमचा प्रश्नच चूक आहे; त्याला मुळात आठवतच नाही, म्हणून त्याचं काही हरवतही नाही. अब्बा गॅलरीत उन्हाला बसले होते.

"मंग बरं हाय त्याचं," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं. त्यानंतरच्या महिन्यांत मी दर काही दिवसांनी तोच वाद नव्या कपड्यात घालून पुढे करायची आणि ते तो जुन्याच सुईनं उसवायचे. डॉक्टर माझ्यावर चिडायचे. साधी एक गादी तुम्हाला बदलता येत नाही, म्हणायचे. त्यांना काय सांगू? साधी नव्हती ती. उन्हाळा लागला तेव्हा अब्बांना वरोऱ्याची ओढ लागली. मेटॅडोर आली, गादी पुन्हा दोरीनं बांधली गेली. जाताना त्यांनी नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, तुझ्या वर्गातल्या पोट्ट्याइले ते समुद्राचं नीट शिकव, परीक्षेत येवो का नाई. मी रागातच होते. नुसतं हो म्हटलं.

पावसाळ्यात ते गेले. शेवटचे दिवस ऑक्सिजनवर, सरकारी खाटेवर, दवाखान्याच्या गादीवर. म्हणजे ज्या गादीसाठी एवढं भांडण केलं, तिच्यावर तर त्यांचा जीव गेलाच नाही. भाऊ म्हणाला, धूळ नसलेल्या गादीवर झोपले शेवटी. तो विनोद करत नव्हता, पण आम्ही दोघंही हसलो.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर घर आवरायला मी वरोऱ्यात थांबले. अब्बांचं मशीन ज्यानं घेतलं होतं तो गादीवाला सकाळी दारात आला. अब्बांच्या हाताखाली काम शिकलेला, आता स्वतःचं दुकान असलेला. रीतीप्रमाणे गादी न्यायला आला होता. भावानं आणि मी ती पलंगावरून उचलून अंगणात उन्हात टाकली. इतक्या वर्षांत मी ती नीट पाहिलीच नव्हती. नुसतं तिच्या नावानं ओरडले होते.

अम्मी भिंतीच्या बाजूला झोपायची, अब्बा दाराच्या. दाराकडची बाजू कमी दबलेली होती, तिच्यावर वर्षानुवर्षं कुणी अंग टाकलेलं नव्हतं. भिंतीकडे खोल खड्डा होता. मी त्याच्यावर हात फिरवला. खांद्याचा, पाठीचा, आणि पुढे पायांचा. तो खड्डा पार गादीच्या टोकापर्यंत गेला होता. अम्मी बुटकी होती. तिचे पाय तिथवर कधीच पोचले नसते. ती गेल्यापासून अब्बा रोज तिच्या जागी झोपत होते, आणि झोपून झोपून तो खड्डा त्यांचा झाला होता. अम्मीचं त्यात काहीच उरलं नव्हतं. जे मशीननं एका तासात केलं असतं, ते त्यांच्या पाठीनं सावकाश करून टाकलं होतं.

हा मुद्दा मला त्या रविवारी सापडला असता तर मी जिंकले असते. पलंगाशी नेऊन दाखवलं असतं, अब्बा, बघा, कुणाला वाचवताय तुम्ही? गादी पिंजली गेली असती, त्यांचे आणखी दोन-तीन हिवाळे निघाले असते. एवढी वर्षं वाद घातला, जगातल्या जेलीफिशांना साक्षीला आणलं, आणि गादीवरून एकदा हात फिरवायचं सुचलं नाही. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. लोकांच्या गाद्यांवरून हात फिरवून माणूस ओळखणाऱ्याला स्वतःच्या गादीतलं कळलं नसेल का? त्यांना माहीत होतं. दर सकाळी उठताना माहीत होतं. तरी संध्याकाळी ते पुन्हा तिथेच जाऊन झोपत होते.

गादीवाला अदबीनं उभा होता. म्हणाला, बाई, घेऊन जाऊ? उद्यापर्यंत अशी पिंजून देतो का एकदम नवी होईन. घरी ठेवा का कोणाले द्या, तुमची मर्जी.

भाऊ माझ्याकडे बघत होता. एवढी वर्षं या घरात ही गादी पिंजा, ही गादी पिंजा म्हणून कोण ओरडत होतं ते त्याला माहीत होतं. त्यानं दोरीसुद्धा आणून ठेवली होती.

मी म्हटलं, "राहू द्या. मी मेटॅडोर बोलावते, ऊर्जानगरला न्यायची आहे."

भाऊ गादीला दोरी बांधायला लागला. मग म्हणाला, "त्यायले तं तू समजावत होती. आता तुले कोणं समजावाचं?"